स्क्रिप्ट नाही की ग्राफिक्स नाहीत, तरी लोक चार-चार तास या खेळात हरवतात ते गेम मास्टरमुळं..

साल होतं १९६९. अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य. तिथं युद्धाचे खेळ खेळणाऱ्या पोरांचा एक ग्रुप होता. टेबलावर रणांगण मांडायचं, त्यावर छोटे छोटे सैनिक उभे करायचे आणि जुन्या लढाया नव्यानं लढायच्या, असा त्यांचा उद्योग.

या ग्रुपमधल्या डेव्हिड वेस्लीनं एकदा जरा वेगळा डाव मांडला. नेपोलियनचा काळ आणि ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक शहर. या शहरासाठी दोन फौजा भिडणार होत्या. पण वेस्लीनं फक्त सेनापती ठेवले नाहीत. बाकीच्या पोरांना त्यानं शहरातली माणसं करून टाकलं. कुणी महापौर, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलपती. प्रत्येकाचा हेतू वेगळा.

आणि इथंच सगळ्या प्लॅनचा बोऱ्या वाजला.

पोरं आपापसात कुजबुजायला लागली, सौदे करायला लागली, एकमेकांना फसवायला लागली. दोघांनी तर एकमेकांना थेट द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. आता द्वंद्वयुद्धाचे नियम वेस्लीकडं कुठून असणार? त्यानं ते तिथल्या तिथं बनवले. या सगळ्या भानगडीत फौजा शहरापर्यंत पोहोचल्याच नाहीत.

वेस्लीला वाटलं, आपला डाव साफ फसला. पण पोरं मात्र त्याच्या मागं लागली, की पुढचा डाव कधी?

वेस्लीला जो गोंधळ वाटला, त्यातूनच पुढं जगभर खेळला जाणारा एक प्रकार उभा राहिला. त्याचं नाव टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. आणि ऐनवेळी नियम बनवत बसलेल्या वेस्लीची जी अवस्था झाली होती, ती पुढं एक भूमिकाच झाली. तिला म्हणतात गेम मास्टर.

आधी हा खेळ काय आहे ते समजून घेऊ

तुम्ही 'स्ट्रेंजर थिंग्ज' बघितली असेल, तर पहिल्याच एपिसोडमध्ये तळघरात टेबलाभोवती बसलेली चार पोरं आठवत असतील. ती जो गेम खेळतात तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजेच डी अँड डी.

खेळाची पद्धत तशी सोपी आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक कॅरेक्टर असतं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण मात्र कॅरेक्टर घेत नाही. तो गेम मास्टर. डी अँड डी मध्ये त्यालाच डंजन मास्टर म्हणतात.

गेम मास्टर सांगतो, "तुमच्यासमोर जुना पूल आहे. खाली नदीला पूर आलाय. पुलाच्या पलीकडं कुणीतरी कंदील धरून उभं आहे." आणि मग विचारतो, "तुम्ही काय करता?"

हा प्रश्न म्हणजे खेळाचा जीव.

खेळाडू सांगतात आम्ही अमुक करतो. त्यात यश येईल की नाही याची शंका असेल, तर फासे टाकले जातात. फाशांवर जे येईल त्यानुसार गेम मास्टर पुढं काय झालं ते सांगतो. पुन्हा तोच प्रश्न, "तुम्ही काय करता?" हे चक्र तीन-चार तास चालतं, आणि एकच गोष्ट कधी कधी कित्येक वर्षं चालते.

यात पडद्यावर काही दिसत नाही. जे काही घडतं ते बोलण्यात आणि ऐकणाऱ्यांच्या डोक्यात.

पंच म्हणून माणूसच का लागला?

याचं मूळ शोधायचं तर प्रशियाच्या सैन्यात जावं लागतं. तिथं १८२४ मध्ये राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं 'क्रीगश्पील' नावाचा खेळ सैन्यापुढं मांडला. अधिकाऱ्यांना लढाईचं शिक्षण देण्यासाठी हा खेळ होता. खेळाडू पंचाला आपले हुकूम द्यायचे. पंच ते नकाशावर अंमलात आणायचा आणि ज्याला जेवढं दिसू शकतं तेवढंच त्याला सांगायचा.

पण या खेळात कोष्टकं आणि नियम एवढे होते की डाव रेंगाळायचा. मग १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नॉय या प्रशियन अधिकाऱ्यानं सांगितलं की कोष्टकं बाजूला ठेवा. अनुभवी पंच स्वतःच्या अंदाजानं निकाल देऊ शकतो. पुढं चार्ल्स टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याच्या १८८० मधल्या 'स्ट्रॅटेगॉस' या पुस्तकातही पंचाला असेच मोठे अधिकार दिले होते.

हेच जुनं पुस्तक वेस्लीच्या हाताला लागलं होतं. नियमात नाही म्हणून खेळाडूला अडवायचं नाही, त्याला काय करायचंय ते करू द्यायचं आणि निकाल पंचानं द्यायचा, ही कल्पना त्यानं तिथून उचलली.

वेस्लीच्या ग्रुपमध्ये डेव्ह आर्नेसन नावाचा एक खेळाडू होता. ब्राउनस्टाइनच्या पुढच्या एका डावात तो क्रांतिकारक विद्यार्थी झाला होता. किस्सा असा सांगतात की, पठ्ठ्या घरून सीआयएचं खोटं ओळखपत्र बनवून घेऊन आला आणि आपण सीआयएचे एजंट आहोत असं त्यानं समोरच्यांना पटवून दिलं. वेस्लीनं असं काही ठरवलेलं नव्हतं, पण त्यानं अडवलंही नाही.

याच आर्नेसननं १९७१ च्या सुमारास 'ब्लॅकमूर' नावाचं स्वतःचं जग उभं केलं. त्यात किल्ला होता, किल्ल्याखाली भुयारं होती आणि भुयारांत राक्षस होते. १९७२ च्या अखेरीस त्यानं तो खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्सला दाखवला. दोघांनी मिळून नियम लिहून काढले आणि १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. पहिल्या खेपेला छापल्या होत्या फक्त १,००० प्रती.

थोडक्यात काय, तर या खेळात नियम नंतर आले. आधी आली ती ऐनवेळी निभावून नेणारी माणसं.

व्हिडिओ गेममध्ये जे जमत नाही ते इथं जमतं

व्हिडिओ गेममध्ये एखाद्या घराला दार दिसतं, पण तुम्ही धडका मारल्या तरी ते उघडत नाही. कारण आतली खोली कुणी बनवलेलीच नसते. दार म्हणजे भिंतीवर काढलेलं चित्र.

टेबलावरच्या खेळात मात्र प्रत्येक दार उघडू शकतं. आतली खोली अस्तित्वात नसेल, तर गेम मास्टरनं ती तीन सेकंदांत उभी करायची असते. याच कामाला म्हणतात इम्प्रोव्हायझेशन.

एक उदाहरण घेऊ.

समजा, गेम मास्टरनं आठवडाभर तयारी केलीय. एका व्यापाऱ्याचा तांडा दरोडेखोरांनी लुटलाय. दरोडेखोर डोंगरावरच्या पडक्या किल्ल्यात लपलेत. खेळाडूंनी किल्ल्यावर जायचं आणि लढायचं, असा अंदाज. किल्ल्याचा नकाशा तयार, पहारेकरी तयार, सगळं तयार.

खेळाडू गावातल्या खानावळीत शिरतात. गेम मास्टर सहज वातावरणनिर्मिती म्हणून सांगतो, "एक म्हातारी चुलीपाशी भाकऱ्या थापतीय."

झालं. एक खेळाडू विचारतो, "म्हातारी एकटीच आहे का? आणि एवढ्या भाकऱ्या कुणासाठी?"

आता म्हातारीबद्दल गेम मास्टरनं एक ओळही लिहिलेली नाही. पण सगळं टेबल त्याच्याकडं बघतंय. या क्षणी तो काय करतो, यावर पुढचे तीन तास ठरणार असतात.

तो जर म्हणाला, "ती म्हातारी महत्त्वाची नाही, तुम्ही किल्ल्यावर जा," तर खेळाडूंच्या लक्षात येतं की हे दार चित्रातलं आहे. आणि तिथंच तंद्री मोडते.

ही तंद्री म्हणजे नक्की काय?

या खेळाच्या जगात तिला इमर्शन म्हणतात. आपल्याकडं रंगून जाणं, हरवून जाणं म्हणतात तेच.

समाजशास्त्रज्ञ गॅरी अॅलन फाइन यांनी अशा खेळाडूंमध्ये बसून अभ्यास केला आणि १९८३ मध्ये 'शेअर्ड फँटसी' हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या मांडणीनुसार टेबलावर बसलेला माणूस एकाच वेळी तीन थरांवर असतो.

पहिला थर साध्या माणसाचा. त्याला भूक लागलीय, शेवटची लोकल पकडायचीय.

दुसरा थर खेळाडूचा. त्याला नियम माहितीयेत, आपले किती पॉइंट उरलेत हे माहितीय.

तिसरा थर कॅरेक्टरचा. कॅरेक्टरला ना लोकल माहिती ना पॉइंट. त्याला फक्त समोरचा पूल आणि पलीकडचा कंदील दिसतो.

खेळताना माणूस या तीन थरांवर सारखा वर-खाली करत असतो. रंगून जाणं म्हणजे तिसऱ्या थरावर जास्त वेळ टिकणं. हे ओळखायची एक सोपी खूण आहे. सुरुवातीला खेळाडू म्हणतो, "माझं कॅरेक्टर त्याला विचारतं." तासाभरानं तोच म्हणायला लागतो, "मी त्याला विचारतो." हा 'मी' कधी आला, ते त्याचं त्यालाही कळत नाही.

आता ही तंद्री मोडते कशानं?

एक म्हणजे, दहा-दहा मिनिटं नियमाचं पुस्तक चाळत बसल्यानं.

दुसरं म्हणजे, विसंगतीनं. मागच्या आठवड्यात मेलेला सावकार या आठवड्यात बाजारात दिसला, की सगळं जग कागदाचं वाटायला लागतं.

आणि तिसरं, सगळ्यात वाईट. आपण काहीही केलं तरी व्हायचं तेच होणार, हे खेळाडूला कळणं. याला खेळाडूंच्या भाषेत रेलरोडिंग म्हणतात. रूळ आधीच टाकलेत, तुम्ही फक्त डब्यात बसा.

म्हणजे लोक वर्णनानं, आवाज बदलून बोलण्यानं किंवा मेणबत्त्या लावल्यानं रंगतात हे अर्धसत्य आहे. आपल्या निवडीनं समोरचं जग हलतंय हे दिसतं, तेव्हा लोक खरे रंगतात.

गेम मास्टर नेमकं काय करतो?

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गेम मास्टर हवेतून गोष्टी काढतोय. तसं नसतं. ऐनवेळी सुचण्यासाठी आधी काहीतरी साठवलेलं असावं लागतं. अनुभवी लोक जे करतात ते साधारण असं..

१. गोष्ट लिहीत नाहीत, परिस्थिती लिहितात. 'आधी हे होईल, मग ते होईल' असं लिहिलं, की पहिल्याच वळणावर कागद वाया जातो. त्यापेक्षा कुणाला काय हवंय हे लिहिलेलं टिकतं. दरोडेखोरांना हिवाळ्याच्या आत धान्य हवंय. व्यापाऱ्याला माल नकोय, मालात लपवलेलं एक पत्र हवंय. एवढं माहिती असलं, की खेळाडू कुठंही गेले तरी ही माणसं कशी वागतील ते सांगता येतं.

२. गुपितं सुटी ठेवतात. माइक शे या लेखकानं 'रिटर्न ऑफ द लेझी डंजन मास्टर' या २०१८ च्या पुस्तकात सुचवलंय की, प्रत्येक डावाआधी दहा गुपितं लिहून काढायची, पण ती कुठं आणि कुणाकडून कळतील हे ठरवायचं नाही. आपल्या उदाहरणात गेम मास्टरच्या वहीत एक ओळ होती, 'दरोडेखोरांना गावातूनच कुणीतरी जेवण पुरवतं.' भाकऱ्यांचा प्रश्न आला आणि ती ओळ जागेवर बसली. म्हातारी क्षणभर थांबते, भाकऱ्यांवर फडकं टाकते आणि म्हणते, "पोरगा यायचाय माझा." तिचा पोरगाच दरोडेखोरांत आहे.

आता बघा. मघाशी जी साधी मारामारी होती, तिचं काय झालं ते. या पोराला मारायचं की घरी आणायचं?

३. एका गोष्टीसाठी एकच धागा ठेवत नाहीत. रहस्यकथा असेल तर खेळाडू हमखास पुरावा चुकवतात. म्हणून जस्टिन अलेक्झांडर या गेम डिझायनरनं तीन पुराव्यांचा नियम मांडला. खेळाडूंना जे कळायला हवं, त्यासाठी किमान तीन वेगळे पुरावे पेरायचे. एक हुकेल, दुसऱ्याकडं दुर्लक्ष होईल, तिसरा तरी सापडेल.

४. 'नाही' म्हणायच्या आधी 'हो, पण..' म्हणून बघतात. ही युक्ती रंगभूमीवरून आली. कीथ जॉनस्टन या नाट्यशिक्षकाच्या १९७९ च्या 'इम्प्रो' या पुस्तकात हाच विचार आहे. समोरच्यानं जे पुढं केलं ते स्वीकारायचं आणि त्यावर आपलं काहीतरी चढवायचं. खेळाडू म्हणाला, "मी म्हातारीचा नातेवाईक बनून किल्ल्यावर जातो." गेम मास्टर म्हणतो, "हो, जाता येईल. पण पोराला आपले नातेवाईक माहिती असणार."

याचा अर्थ प्रत्येक गोष्टीला होकार नाही. मातीच्या घरातून कुणी तोफ काढायला लागला तर 'नाही' म्हणावंच लागतं. सगळंच शक्य असेल तर कशालाच किंमत उरत नाही.

५. शंका असेल तिथं फाशांना विचारतात. खेळाडू पोराला समजावतोय, पोरगा ऐकेल का? इथं गेम मास्टर आपल्या मर्जीनं निकाल देत नाही. डी अँड डी च्या २०१४ च्या नियमांत मध्यम अवघड कामाचा आकडा १५ आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात कॅरेक्टरचं कसब मिळवायचं. कसब ५ असेल तर फाशावर १० किंवा जास्त पडायला हवं. म्हणजे वीस पैकी अकरा वेळा यश, ५५ टक्के. परिस्थिती अनुकूल असेल, समजा म्हातारीनं दिलेली भाकरी खेळाडूच्या हातात असेल, तर दोन फासे टाकून मोठा आकडा धरता येतो. मग तीच शक्यता जवळपास ८० टक्के होते.

इथं गंमत अशी, की फासा पडेपर्यंत पुढं काय होणार हे गेम मास्टरलाही माहिती नसतं. त्याचीही उत्सुकता खरी असते, आणि ती टेबलावर दिसते.

६. खेळाडूंनाच विचारतात. सगळं जग एकट्यानं वाहायची गरज नाही. २०१० मध्ये आलेल्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड' या गेममध्ये तर गेम मास्टरनं खेळाडूंना प्रश्न विचारावेत आणि उत्तरांवर पुढची गोष्ट उभी करावी, असं नियमातच सांगितलंय. "तू या गावात आधी येऊन गेलायस. तेव्हा इथं काय घडलं होतं?" खेळाडू जे सांगेल ते आता त्या जगाचं सत्य. स्वतः घातलेली वीट कुणी विसरत नाही.

७. बोललेलं लिहून ठेवतात. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. म्हातारीचं नाव, तिचा पोरगा, तिनं खोटं काय सांगितलं, सगळं तिथल्या तिथं वहीत. ऐनवेळी बोललेली गोष्ट दोन महिन्यांनी परत आली, की खेळाडूंना वाटतं गेम मास्टरनं हे सगळं आधीपासून ठरवलं होतं.

आपल्याकडचे दशावतारी हेच तर करतात

कोकणात आणि गोव्यात दशावतार बघितलेल्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. दशावतारी नाटकाला पारंपरिक पद्धतीत लिहिलेले संवाद नसतात. कथा कुठली, कोण कुठली भूमिका करणार, एवढं ठरतं आणि नट रंगमंचावर उभे राहून आपापले संवाद जागेवर रचतात. समोरच्या नटानं टाकलेला शब्द झेलायचा आणि त्यावर उत्तर द्यायचं.

पण एक मोठा फरक आहे. दशावतारात शेवट सगळ्यांना माहिती असतो. राक्षस मरणार हे प्रेक्षकाला माहितीय, तो कसा मरतो हे बघायला तो रात्र जागवतो.

टेबलावरच्या खेळात शेवट कुणालाच माहिती नसतो. आणि इथं प्रेक्षक म्हणून कुणी बसलेलं नसतं.

मग गेम मास्टरनं थोडं खोटं बोललं तर काय बिघडलं?

यावर खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षं वाद चालू आहे.

गेम मास्टर बऱ्याचदा समोर पुठ्ठ्याचा आडोसा लावून बसतो. त्यामागं त्याच्या नोंदी असतात आणि त्याचे फासे पडतात. आकडा फक्त त्यालाच दिसतो. खेळाडूचं लाडकं कॅरेक्टर मरतंय असं दिसलं, की आकडा थोडा फिरवायचा मोह होतो. काही जण म्हणतात, गोष्ट छान होत असेल तर काय हरकत आहे? बाकीचे म्हणतात, मग फासे टाकायचेच कशाला?

असाच दुसरा वाद 'क्वांटम ओगर'चा. समोर दोन रस्ते आहेत. गेम मास्टरनं एक ओगर म्हणजे राक्षस तयार ठेवलाय. खेळाडू डावीकडं गेले तरी तो भेटतो, उजवीकडं गेले तरी तोच भेटतो. ही फसवणूक झाली का?

इथं एक प्रश्न विचारला की बराचसा गुंता सुटतो. खेळाडूनं समजून-उमजून केलेली निवड पुसली गेली का?

म्हातारीचंच बघा. भाकऱ्या कुणासाठी आहेत हे आधी ठरलेलंच नव्हतं. रिकाम्या जागी गुपित बसवलं, कुणाची निवड वाया गेली नाही. दोन्ही रस्त्यांबद्दल खेळाडूंना काहीच माहिती नसेल, तर तिथंही फार बिघडत नाही.

पण समजा, खेळाडूंनी गुराख्याला विचारलं, पायाचे ठसे तपासले, राक्षस डावीकडं आहे हे शोधून काढलं आणि मुद्दाम उजवीकडचा लांबचा रस्ता धरला. तरीही राक्षस उजवीकडंच भेटला, तर त्यांची अर्ध्या तासाची मेहनत गेम मास्टरनं गुपचूप फेकून दिली.

एखाद वेळी हे खपून जातं. पण एकदा का संशय आला, की खेळाडू राक्षसाकडं बघायचं सोडून गेम मास्टरच्या चेहऱ्याकडं बघायला लागतो. तिसऱ्या थरावरून तो जो खाली येतो, तो परत वर जात नाही. भरवसा गेला की खेळ संपला, मग नियम कितीही चांगले असोत.

आणि कुणी जास्तच रंगून गेलं तर?

या खेळाची सगळ्यात जास्त बदनामी याच प्रश्नावरून झाली.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतून १६ वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला. त्याला शोधणाऱ्या खासगी डिटेक्टिव्हनं अंदाज वर्तवला, की डी अँड डी खेळता खेळता तो युनिव्हर्सिटीखालच्या वाफेच्या बोगद्यांत हरवला असेल. पेपरवाल्यांना मसाला मिळाला. पुढं मुलगा सापडला, त्याच्या मनावरचा ताण वेगळ्याच कारणांचा होता आणि गेमचा त्यात हात नव्हता, हेही समोर आलं. पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. १९८२ मध्ये 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' नावाचा टीव्ही सिनेमा आला. खेळता खेळता खरं-खोटं यातला फरक विसरलेल्या पोराची ही गोष्ट. त्यात काम केलं होतं तरुण टॉम हँक्सनं. अमेरिकेतल्या कित्येक आईबापांनी त्या दशकात या गेमचा धसका घेतला.

फाइन यांची तीन थरांची मांडणी इथं पुन्हा कामाला येते. रंगून गेलेला खेळाडू खालचे दोन थर विसरत नाही. राक्षस अंगावर येत असतानाही तो चहाचा कप सांभाळून बाजूला ठेवतो.

पण भावना मात्र थरांमधून झिरपतात, हे खरं आहे. त्यासाठी एमिली केअर बॉस या गेम डिझायनरनं 'ब्लीड' हा शब्द वापरात आणला. कॅरेक्टरचं दुःख खेळाडूला लागतं आणि खेळाडूचा दिवसभराचा राग कॅरेक्टरच्या तोंडून बाहेर पडतो. म्हातारीचा पोरगा घर सोडून गेलाय ही गोष्ट एखाद्या खेळाडूच्या घरातल्या जखमेवर नेमकी जाऊन बसू शकते. ऐनवेळी रचणाऱ्या गेम मास्टरला याची कल्पनाही नसते.

म्हणून जॉन स्टाव्हरोपोलस यांनी 'एक्स कार्ड' आणलं. टेबलाच्या मधोमध फुली मारलेलं एक कार्ड ठेवायचं. कुणालाही काही नको वाटलं तर त्या कार्डाला हात लावायचा. गेम मास्टर तो भाग वगळतो आणि खेळ पुढं जातो. कारण विचारायचं नाही.

यामुळं तंद्री मोडते असं काहींना वाटतं. अनुभव बऱ्याचदा उलटा येतो. बाहेर पडायचा दरवाजा उघडा आहे हे माहिती असलं, की माणूस आत बिनधास्त जातो.

नव्या गेम मास्टरला घाम फुटतो तो इथं

२०१५ मध्ये 'क्रिटिकल रोल' हा कार्यक्रम इंटरनेटवर सुरू झाला. व्हॉइस अॅक्टर मंडळी एकत्र बसून डी अँड डी खेळतात आणि लोक ते तासन्‌तास बघतात. मॅथ्यू मर्सर हा तेव्हा त्यांचा गेम मास्टर होता. शंभर कॅरेक्टरचे शंभर आवाज काढणारा. २०१९ मध्ये या गोष्टीवर अॅनिमेशन बनवायला त्यांनी लोकांकडं पैसे मागितले, तर एक कोटी डॉलरपेक्षा जास्त जमले.

यामुळं खेळ घराघरात पोहोचला, पण एक अडचणही झाली. पहिल्यांदा गेम मास्टर होणारा माणूस स्वतःची तुलना मर्सरशी करायला लागला. आपल्याला आवाज काढता येत नाहीत, झटकन सुचत नाही, म्हणजे आपलं काम नव्हे, असं म्हणून कित्येक जण बसायच्या आधीच माघार घेतात.

पण वर सांगितलेल्या सात गोष्टी पुन्हा बघा. त्यात आवाज काढणं कुठंच नाही. समोरच्याचं ऐकणं आहे, लिहून ठेवणं आहे, विचारणं आहे, आणि सुचलं नाही तर सरळ "पाच मिनिटं चहा घेऊ" म्हणणंही चालतं. लहान पोराला गोष्ट सांगताना ते मध्येच विचारतं, "मग त्या राक्षसाला आई होती का?" आणि सांगणारा म्हणतो, "होती ना." ज्याला एवढं जमतं, त्याला सुरुवात करता येते.

१९६९ च्या त्या डावात वेस्लीला द्वंद्वयुद्धाचे नियम नाहीत म्हणून दोघांना थांबवता आलं असतं. सगळ्यांना ठरलेल्या लढाईकडं वळवता आलं असतं. डाव वेळेवर संपला असता, लढाईचा निकाल लागला असता आणि सगळे घरी गेले असते.

त्यानं तसं केलं नाही. पोरांना जे करायचं होतं ते त्यानं करू दिलं, म्हणून ती पोरं पुढचा डाव मागायला परत आली.